मूल दारात येण्याआधी: तालुक्याच्या दवाखान्यात अत्याचार झालेल्या मुलांच्या तपासणीची सोय कशी उभी करावी

मी सोलापूरची. पूर्वभागात, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, त्यातली बरीचशी जिल्ह्यातल्या तालुक्यांमध्ये. निवृत्तीनंतर एकच काम धरलंय. ज्या दवाखान्यात बोलावतील तिथे जायचं आणि अत्याचार झालेलं मूल आलं तर काय करायचं, हे तिथल्या सिस्टरना आणि डॉक्टरांना करून दाखवायचं. हे त्यांच्यासाठीच लिहितेय.

आधी माझी चूक सांगते. दवाखान्याचं नाव नको. आषाढातली रात्र, बाहेर पाऊस. एक बाई सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. बाई बिड्या वळणारी, बोटांना तंबाखूचा वास. मुलीचा फ्रॉक तिने बदलला होता आणि जुना फ्रॉक कॅरीबॅगमध्ये घालून आणला होता. एवढी समज तिने दाखवली. मी काय केलं? ती पिशवी तशीच घेतली, वर गाठ मारली, नावाची चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवली. फ्रॉक ओला होता. चौथ्या दिवशी हवालदार येऊन घेऊन गेले. कित्येक महिन्यांनी सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला, की कपड्याला बुरशी आली आहे, त्यातून काही मिळालं नाही. ती गाठ माझ्या हातची होती. त्या रात्री आमच्याकडे एक कागदी पाकीट असतं आणि ओला कपडा पंख्याखाली वाळवून मग त्यात घालायचा हे मला कुणी शिकवलेलं असतं, तर त्या आईचं शहाणपण वाया गेलं नसतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की सगळी तयारी मूल येण्याआधी हवी. मूल समोर बसल्यावर पाकीट शोधायला माणूस पाठवायची वेळ यायला नको.

तयारीची सुरुवात खोलीपासून. लेबर रूम नको. तिथे शेजारच्या टेबलावर बाई ओरडत असते, रक्त असतं, मूल दारातच गोठतं. कॅज्युअल्टीचा पडदाही नको, पडद्याला कान असतात. दार आतून लागणारी छोटी खोली पुरते. रंगरंगोटी, भिंतीवरचा मिकीमाऊस हे नंतर झालं तरी चालेल. आधी या गोष्टी बघा: आत किंवा अगदी लागून संडास-बाथरूम, बुटका पलंग, आईला बसायला हात नसलेली खुर्ची (मूल मांडीवर घेऊन तपासता येतं), मान वळणारा दिवा, चांगला टॉर्च, पंखा आणि कुलूप लागणारं कपाट. फ्रीजही कुलपाचा हवा, आणि त्यात कुणाचा डबा ठेवायचा नाही.

कपाटात कपडे ठेवा. हे सगळे विसरतात. तपासणीत मुलाचे कपडे आपण काढून घेतो, मग त्याने घरी काय घालून जायचं? चादर गुंडाळून घरी जाणारं मूल मी पाहिलंय, गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतच्या मापाच्या चड्ड्या, स्लिपा, फ्रॉक, सलवार-कमीज, हाफ पँट आणि टीशर्ट आणून ठेवा. शक्यतो नवे. सोलापुरी टॉवेल डझनभर घ्या. आपल्या गावात एखाद्या कारखानदाराला सांगितलं तर तो आनंदाने देतो, कशासाठी हेही विचारत नाही. जाड सुती टॉवेल अंगावर घेतला की मूल थोडं सैल होतं, आणि तपासताना फक्त हवा तेवढाच भाग उघडता येतो.

बाकीचं सामान असं: वेगवेगळ्या मापांची कागदी पाकिटं आणि खाकी पिशव्या, निर्जंतुक कापसाचे स्वॅब, डिस्टिल्ड वॉटर, पावडर नसलेले हातमोजे, कंगवा, नेलकटर, रक्तासाठी ईडीटीएची (त्यात रक्त गोठत नाही), साधी आणि सोडियम फ्लोराइडची ट्यूब, लघवीची बाटली, फोटोत माप दिसावं म्हणून छोटी पट्टी, शरीराच्या आकृत्यांचे छापील कागद, संमतीचे फॉर्म, लाख, मेणबत्ती आणि दवाखान्याचा पितळी शिक्का. शिवाय एक मोठा पांढरा कागद. मूल त्यावर उभं राहून कपडे उतरवतं, म्हणजे अंगावरून पडलेली माती, काडी, केस त्यात येतात आणि कागद घडी करून तसाच पाकिटात जातो. पाकीट जिभेने ओलं करून कधीही चिकटवू नका. तुमच्या थुंकीतला डीएनए त्यात जातो. डिंकाची बाटली ठेवा.

आता माणसं. मुलगी असेल तर तपासणारी डॉक्टर बाई हवी, हे पोक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम २७ सांगतं. पण ती स्त्रीरोगतज्ज्ञच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे एमबीबीएस झालेली लेडी मेडिकल ऑफिसर असेल तर ती तपासू शकते. ‘आमच्याकडे गायनॅक नाही, सोलापूरला न्या’ असं म्हणून करमाळ्याचं मूल शंभरावर किलोमीटर हलवायचं, वाटेत ते लघवी करणार, उलटी करणार, तोंड धुणार, आणि मग सापडलं काहीच नाही म्हणायचं, याचा मला फार राग येतो. सिव्हिलला पाठवायचं ते रक्तस्राव थांबत नसेल, भूल देऊन टाके घालायचे असतील किंवा आणखी काही गंभीर असेल तेव्हा. तेव्हासुद्धा पहिला उपचार करून, कागद सोबत देऊन, आणि शक्य असेल तर नमुने घेऊन.

रात्री कोणत्या डॉक्टर मॅडमना फोन करायचा, त्या नसतील तर कुणाला, आणि तेलुगू, कन्नड, उर्दू, पारधी किंवा लमाणी बोलणारं कोण आहे, याचा कागद कपाटाच्या दाराला आतून लावा. भाषेचं मी अनुभवाने सांगते. एक मुलगी मॅडमसमोर तासभर गप्प होती. मी नुसतं तेलुगूत विचारलं, जेवलीस का. तिने नाही म्हणून मान हलवली, बिस्किट खाल्लं, आणि मग बोलायला लागली. मात्र दुभाषी म्हणून आरोपीच्या नात्यातलं किंवा गल्लीतलं माणूस घेऊ नका.

पोलिसांची यादी, म्हणजे तपासणी करा असं सांगणारं त्यांचं पत्र, नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही. पूर्वी सर्रास पाठवत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मंजण्णा खटल्यात याबद्दल डॉक्टरांना फटकारलं होतं, आणि २०१२च्या पोक्सो कायद्याने तर स्पष्टच केलं, की गुन्हा दाखल झालेला नसला तरी तपासणी होऊ शकते. तुम्ही एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद) करा, उपचार सुरू करा आणि पोलिसांना कळवा. कळवणं ऐच्छिक नाही. कलम १९प्रमाणे ज्याला कळलं त्याने सांगायलाच हवं, न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आईला ही गोष्ट आधीच, शांतपणे सांगा: ‘ताई, आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं, पण उपचार त्यासाठी थांबणार नाही.’ तिला न सांगता फोन केला तर तिचा दवाखान्यावरचा विश्वास उडतो आणि ती पुढच्या तपासणीला येत नाही.

खासगी दवाखान्यांनाही उपचार मोफतच द्यायचे आहेत. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-सी मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. नाकारणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तुमच्या छापील तपासणी फॉर्मवर अजून जुन्या संहितेचं १६४-ए लिहिलेलं असेल तर तिथे आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८४ आलंय, खोडून दुरुस्त करून घ्या. त्याच कलमात अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जायला हवा अशी मुदत आहे.

मूल आलं की पहिल्यांदा बघा ते कोणाबरोबर आलंय आणि त्या माणसाकडे कसं बघतंय. मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस तपासणीत सोबत असावं, ते आईवडीलच हवेत असं नाही. जवळचं कुणीच नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखांनी एक बाई नेमायची असते. आमच्याकडे बहुधा जुन्या मावशी असत, आणि त्या डॉक्टरांपेक्षा चांगल्या बसत.

संमती घ्या. बारा वर्षांच्या आतल्या मुलासाठी पालक सही करतात. बारा पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःला विचारायचं. पाच वर्षांच्या मुलालासुद्धा विचाराच, कागदावर नाही तरी तोंडाने. अमुक तपासणी नको असं ते म्हणालं तर तेवढी करायची नाही, तसं लिहायचं आणि उपचार पूर्ण द्यायचे. दाबून धरून तपासलेलं मूल दुसऱ्यांदा तेच भोगतं.

विचारायचं एकदाच, एकाच माणसाने. कॅज्युअल्टीत एकदा, वॉर्डात एकदा, मॅडमनी एकदा, वर ओळखीच्या ब्रदरने एकदा असं होऊ देऊ नका. ‘त्याने तुला इथे हात लावला का?’ असं विचारायचं नाही, ‘काय झालं ते सांगशील?’ म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं अवघड जातं, पण थांबा. मूल ज्या शब्दात सांगेल तोच शब्द लिहा. ‘शूच्या जागी दुखतंय’ म्हणालं तर तेच लिहा, तिथे इंग्रजी वैद्यकीय शब्द घालू नका. तेलुगूत सांगितलं तर तेलुगू शब्द देवनागरीत लिहून पुढे अर्थ लिहा. आणि ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते पाळता येत नाही.

एक नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. मुलांवरही अत्याचार होतात आणि कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, तरी ‘पोरगाच आहे, काय होतंय’ म्हणणारे आपल्यातच बसलेत. तो पाय पोटाशी घेऊन बसला होता. मी टॉर्च त्याच्या हातात दिला. त्याने स्वतःच्या तळहाताखाली धरला, बोटं लाल दिसायला लागली, ते तो बघत राहिला. मग माझ्या तळहाताखाली धरला. पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, आता तुम्ही बघा. टॉर्च शेवटपर्यंत त्याच्याच हातात होता, मॅडम सांगतील तिथे तोच उजेड पाडत होता.

तपासणी डोक्यापासून पायापर्यंत करा, खालची जागा सगळ्यात शेवटी. कानामागे, मानेवर, दंडाच्या आतल्या बाजूला, ढुंगणावर, तोंडात बघा. मांडीवर किंवा पलंगावर बेडकासारखे पाय सोडून बसवलं की लहान मुलीचं नुसत्या डोळ्यांनी, उजेडात नीट दिसतं. वयात न आलेल्या मुलीला स्पेक्युलम (योनीच्या आत बघायचं उपकरण) लावायचा नाही. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून ‘सवय आहे का’ बघणं, कोणाचीही, कधीही करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती चुकीची ठरवली, आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी बंद केली आणि २०२२ साली न्यायालयाने पुन्हा बजावलं, की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. तरीही जुन्या फॉर्मवर तो रकाना सापडतो. असे फॉर्म गठ्ठ्याने फाडून टाका.

आता अहवालाच्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण इथे खटले बुडतात. बहुतेक मुलांच्या तपासणीत काहीही सापडत नाही. नुसता स्पर्श, चोळणं, तोंडाने केलेलं कृत्य यांची खूण राहत नाही, आणि त्या जागेची नाजूक त्वचा काही दिवसांत भरून येते. अशा वेळी ‘अत्याचाराचा पुरावा आढळला नाही’ एवढंच लिहून मोकळं होणं चूक आहे. असं लिहा: ‘तपासणीत इजा आढळली नाही, इजा नसल्याने लैंगिक अत्याचार झाला नाही असं म्हणता येत नाही.’ पुढे मुलाने काय सांगितलं, किती तास गेले, मध्ये आंघोळ केली का, कपडे बदलले का, ते लिहा. ‘सवयीची’ किंवा कौमार्याबद्दल एक अक्षरही लिहू नका. वय ठरवायला उगाच हाडांचा एक्सरे मागू नका. बालन्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला, मग महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच तपासणी, असा क्रम आहे.

नमुने चार दिवसांपर्यंत घ्यायचे. बहात्तर तासांनंतर मिळण्याची शक्यता खूप कमी होते, पण भेदरलेल्या घराला तास नीट आठवत नाहीत, म्हणून शहाण्णव तासांपर्यंत घ्या. त्यानंतर आलेल्या मुलाचीही तपासणी आणि उपचार करायचेच. मूल आल्या आल्या बहुतेक वेळा ‘शू लागली’ म्हणतं. तिथे घाई करू नका: आधी बाटली द्या, पुसू देऊ नका. स्वॅब डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला करून घ्या, मग सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही, हीटरसमोर नाही. वाळला की पाकीट, पाकिटावर नाव, एमएलसी नंबर, कुठून घेतला, तारीख, वेळ, सही, मग लाख. ईडीटीएची ट्यूब फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. मोठ्या मुलीचा गर्भपात झाला तर त्यातून आलेली पेशी फॉर्मलिनमध्ये बुडवू नका, डीएनए जातो. सलाइनमध्ये, बर्फावर, लगेच द्या. कुणी दिलं, कुणी घेतलं, किती वाजता, हे रजिस्टरमध्ये. एका खटल्यात मला साक्षीत वीस मिनिटं फक्त एवढंच विचारलं, की पाकीट तुमच्या हातातून किती वाजता गेलं. रजिस्टरमध्ये वेळ होती म्हणून मी उभी राहू शकले.

फोटो दवाखान्याच्या कॅमेऱ्यावर. स्वतःच्या मोबाइलवर नाही, डॉक्टरांना ‘दाखवायला’ व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कॉरिडॉरमध्ये ‘ती पोक्सोवाली’ अशी हाक मारणं हेही तेच. यावर मी शिपायांची आणि वॉर्डबॉयची वेगळी बैठक घेते.

मारहाणीच्या मुलांना विसरू नका. १९६२ साली अमेरिकेत डॉक्टर हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मारलेलं मूल’ हे निदान म्हणून मांडलं, तेव्हापासून हे शास्त्र आहे. अजून रांगत नसलेल्या बाळाच्या अंगावर काळनिळं दिसलं तर ते पडलं असेल म्हणून सोडू नका. कान, मान, पोट, पाठ इथे खेळताना सहसा लागत नाही. गुडघा, नडगी, कपाळ इथे लागतं. गरम पाण्यात बुडवल्याचा चटका मोज्यासारखा सरळ रेषेत थांबतो, अंगावर पाणी सांडलं तर शिंतोडे उडतात. व्रणाच्या रंगावरून ‘तीन दिवसांपूर्वीचा’ असं ठाम लिहू नका, ते तितकं खरं ठरत नाही.

उपचार नमुन्यांच्या मागे रांगेत उभे करायचे नाहीत. रक्त थांबवणं, वेदना कमी करणं आधी. एचआयव्हीपासून बचावाची औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितक्या लवकर तितकी चांगली, आणि अठ्ठावीस दिवस. मुलांना वजनाप्रमाणे डोस लागतो, म्हणून एआरटी केंद्राशी (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) आधीच बोलून पहिल्या दिवसांचा साठा ठेवा. धनुर्वात, कावीळ-बी, संसर्गाची औषधं, आणि पाळी आलेल्या मुलीला गर्भ राहू नये म्हणून गोळी. गर्भ राहिलाच असेल तर गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन आणि अत्याचारग्रस्त मुलींना चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यातले आठवडे कागदांसाठी खर्च करू नका.

घरी पाठवताना आईच्या हातात एक कागद द्या, तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. पुढची तारीख, दवाखान्यातल्या एका सिस्टरचं नाव, चाइल्डलाइनचा १०९८, बालकल्याण समिती, सहायक व्यक्ती (तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणारी) मागण्याचा तिचा हक्क, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारं राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचं साहाय्य, आणि हेही, की जबाब घरी किंवा मुलाला हवं तिथे, साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिलेने, घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. अहवालाची प्रत मोफत द्या. पुढच्या तारखेला ती आली नाही तर फोन करा. यंत्रमागावर रोजंदारी बुडाली म्हणून न येणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्यांना संध्याकाळची वेळ द्या.

दर महिन्याच्या एक तारखेला कपाट उघडा. टॉर्चचे सेल, औषधांच्या तारखा, ट्यूबच्या तारखा, पाकिटं किती उरली, लाख आहे का. कुठल्या मापाच्या चड्ड्या संपल्या ते बघा आणि त्याच दिवशी आणा. कपाटाची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असू द्या, मोठ्या साहेबांच्या टेबलाच्या खणात नको.